भिडेचे हप्ते

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या नव्या पिढीच्या उधळपट्टीवर प्रवचनं चालू आहेत. निमित्त झालं मावसभावाच्या मुलाचं. हिंजवडीत नोकरीला लागून वर्षही झालं नाही तोच त्याने आयफोन घेतला, तोही हप्त्यांवर. मामांनी लगेच हिशोब मांडला: एफसी रोडवरची अडीचशेची कॉफी, रविवारचे ब्रंच, व्हिएतनामची ट्रिप. शेवटी ठरलेलं वाक्य, ‘तुमच्या वयात आम्ही अमृततुल्यचा एक चहा दोघांत प्यायचो.’ त्यावर सगळ्यांचे अंगठे वर.

मला याची चीड येते. कॉफी पिऊन बुडालेलं एकही घर मी पाहिलेलं नाही. आमच्या घरातले पैसे जिथे अडकले, ते सगळे काटकसरी माणसांचे होते.

मामांचंच घ्या. मंडईत पाच रुपयांसाठी दोन गाळे फिरणारा माणूस. त्यांनी ऑफिसातल्या सहकाऱ्याच्या बायकोकडून विम्याची पॉलिसी घेतली. वर्षाला २५ हजार, २० वर्षं. भरले ५ लाख, हातात आले ९ लाख २० हजार. ‘जवळजवळ दुप्पट झाले’ म्हणून घरात पेढे आले. हा परतावा वर्षाला साडेपाच टक्के पडतो. हेच पैसे पीपीएफमध्ये असते, तर आजच्या ७.१ टक्के दराने धरले तरी ११ लाखांच्या वर गेले असते, आणि त्यातली बरीच वर्षं पीपीएफचा दर ८ टक्के किंवा त्याहून जास्त होता. त्या फरकात पोराचे दोन आयफोन आले असते. वर २० वर्षं विमा होता फक्त ५ लाखांचा. मामांना काही झालं असतं तर मामींना त्यात किती वर्षं काढता आली असती?

मामांना गणित येत नव्हतं असं नाही. पण त्या बाई समोर बसल्या होत्या, चहा घेत होत्या, रोज ऑफिसात तोंड दिसणार होतं. पॉलिसी हातात आल्यावर १५ दिवसांत परत करता येत होती, आता ३० दिवसांत येते. पण ओळखीच्या माणसाला पॉलिसी परत कोण करतं? भीड भिकेची बहीण, हे आम्हाला लहानपणी मामांनीच शिकवलं होतं.

ठेवींचंही तसंच. पुण्यातल्या रुपी सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध आणले आणि २०२२ मध्ये परवाना रद्द केला. मधली नऊ वर्षं अडकून पडलेल्यांत पेन्शनवर जगणारी किती माणसं होती, हे पुण्यात कोणाला सांगायला नको. ठेवींवर विमा असतो, तो तेव्हा १ लाखापर्यंत होता, २०२० पासून ५ लाख झाला, हे किती जणांना माहीत होतं? ‘आपली बँक आहे’ एवढंच पुरेसं वाटायचं.

मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. इथल्या बँकांनी कर्जासोबत लोकांच्या गळ्यात पीपीआय, म्हणजे हप्ते थकले तर ते भरणारा विमा, मारला होता. त्याचे तब्बल ३८ अब्ज पौंड त्यांना ग्राहकांना परत द्यावे लागले. ‘तुम्ही नीट वाचून सही का केली नाही’ असं म्हणून विषय मिटवला गेला नाही. २०१३ पासून इथे गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्याला कंपनीकडून कमिशन घेता येत नाही. माझ्या शेजारच्या डेस्कवरची मुलगी रोज दुकानातलं तयार सँडविचचं मील डील खाते, वर्षातून दोनदा टेनेरिफ बेटावर सुट्टीला जाते, आणि तिच्या पेन्शनचे पैसे पेस्लिपमधून आपोआप कापले जातात. तिला कोणी उधळी म्हणत नाही.

‘तुला बोलायला काय, पगार पौंडात,’ असं मामा म्हणतात. शिवाय ‘तुझा बाणेरचा फ्लॅट बंद पडलाय, ती उधळपट्टी नाही का?’ नाही. भाड्याने दिला तरी किमतीच्या मानाने थोडेच पैसे यायचे, आणि मला ते नकोच आहेत. पुण्यात उतरल्यावर कोणाच्या घरी पाहुणा म्हणून जायचं नाही, स्वतःच्या किल्लीने दार उघडायचं, एवढ्यासाठी तो आहे. तो मी विकणार नाही.

एक मात्र खरं. रेडिंगला मला भिडेने कोणी काही विकत नाही, कारण माझी भीड कोणाशी नाहीच. इतकी वर्षं राहून असं एकही घर झालं नाही, जिथल्या चहाला नाही म्हणणं मला जड जाईल. ते मामांकडे आहे, आणि त्याचा मला हेवा वाटतो. पण त्याची किंमत पोराने वीस वर्षं हप्त्यांनी का भरावी?

कारण त्याच्या हातात गेल्या आठवड्यात पॉलिसी पडली आहे. ‘टॅक्स वाचेल’ म्हणून मामांनीच घ्यायला लावली, एजंट मामींचा भाचा. पोरगा नव्या करप्रणालीत आहे, तिथे विम्याच्या हप्त्यावर वजावटच मिळत नाही. ग्रुपवर त्याबद्दल चकार शब्द नाही. ३० दिवस संपायला अजून वेळ आहे. पॉलिसी परत करायचं पत्र मी त्याला लिहून दिलंय, आणि मामांना मीच फोन करणार आहे. वाईटपणा मी घेतो.