बटणाचं पेटंट

परवा एका क्लायंटने विचारलं, "हे आपण पेटंट करून टाकूया का?" 'हे' म्हणजे काय, तर पान कितीही खाली सरकवलं तरी कोपऱ्यात तरंगत राहणारं 'ऑर्डर करा' बटण. मी म्हटलं, असं बटण तुमच्या आधी हजारो साइट्सवर आहे. त्यावर उत्तर आलं, "पण त्यांचं हिरवं नाही ना!"

तेव्हा हसलो. पण नंतर वाटलं, तो माणूस अगदीच हवेत बोलत नव्हता. याच तोलाच्या गोष्टींना पेटंट मिळालंय आणि त्यावरून मोठमोठ्या कंपन्या कोर्टात गेल्यात.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण ॲमेझॉनच्या 'वन-क्लिक'चं. ग्राहकाचा पत्ता आणि कार्डाचा तपशील आधीच साठवलेला आहे, त्याने एकदा बटण दाबायचं की ऑर्डर पक्की. झाला शोध! अर्ज सप्टेंबर १९९७ चा, पेटंट मिळालं सप्टेंबर १९९९ मध्ये, आणि पुढच्याच महिन्यात ॲमेझॉनने बार्न्स अँड नोबल या पुस्तकविक्रेत्या कंपनीवर दावा ठोकला. त्यांच्या साइटवर 'एक्सप्रेस लेन' नावाची अशीच सोय होती. डिसेंबरात, ऐन नाताळच्या खरेदीच्या दिवसांत, कोर्टाने ती बंद करायचा अंतरिम हुकूम दिला. मग बार्न्स अँड नोबलने काय केलं असेल? ऑर्डर पक्की करण्यासाठी एक जास्तीचा क्लिक घातला. चांगली चालणारी साइट कायद्यासाठी मुद्दाम थोडी अडखळती केली. पेटंटमुळे जगाला नवीन काय मिळालं, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे हे उत्तर आहे: एक जास्तीचा क्लिक.

हे पेटंट मुळात वैध आहे की नाही याबद्दलच शंका आहे, असं म्हणत अपिलाच्या कोर्टाने २००१ मध्ये तो हुकूम उठवला. २००२ मध्ये दोघांनी तडजोड केली. ॲपलने तर २००० मध्येच रीतसर परवाना घेऊन टाकला होता. गंमत म्हणजे मार्च २००० मध्ये खुद्द ॲमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस यांनी जाहीर पत्र लिहून सुचवलं होतं की सॉफ्टवेअर पेटंटची मुदत तीन ते पाच वर्षंच असावी. त्यांचं स्वतःचं मात्र २०१७ पर्यंत पुरलं.

आता माझा मुद्दा. 'इतकी सोपी गोष्ट, तिला कसलं पेटंट' असं बहुतेक जण म्हणतात. माझी तक्रार थोडी वेगळी आहे. पेटंट हे बक्षीस नाही, तो सौदा आहे. शोध लावणाऱ्याने आपली रीत कागदावर उघड करायची, म्हणजे ती त्याच्याबरोबर गडप होणार नाही. बदल्यात समाज त्याला अर्जापासून वीस वर्षांची मक्तेदारी देतो. एखाद्या रसायनाची कृती किंवा यंत्राच्या पोटातली करामत असेल तर हा सौदा मला पटतो. पण वेबसाइटच्या दर्शनी भागात लपवण्यासारखं असतं काय? साइट सुरू झाली त्या क्षणी सगळं जगासमोर आलं. बटण दिसतं, दाबल्यावर काय होतं तेही दिसतं, आणि कुठलाही बरा प्रोग्रॅमर ते बघून तसंच काम करणारं काही दिवसांत लिहू शकतो. मग समाजाने वीस वर्षं मोजून विकत काय घेतलं? जे आधीच फुकट दिसत होतं, तेच.

म्हणून सगळी सॉफ्टवेअर पेटंट्स रद्द करा, असं मी म्हणणार नाही. गूगलच्या पेजरँकचंच बघा. कोण कोणाला लिंक देतं त्यावरून पानांचं वजन ठरवायची ती रीत शोधनिकालांच्या यादीकडे नुसतं बघून कुणालाही ओळखता आली नसती. तिथे माझं मत डळमळतं. पडद्यावर जे दिसतं त्याबद्दल मात्र डळमळत नाही. कोडला कॉपीराइट आहे, नावाला ट्रेडमार्क आहे, ठरावीक देखाव्यासाठी डिझाइनची नोंदणी आहे. तेवढं पुरे.

आणि ही पेटंट्स नेहमी बनवणाऱ्याच्याच हातात राहतात असंही नाही. ऑनलाइन 'शॉपिंग कार्ट'ची पेटंट्स सोव्हरेन नावाच्या कंपनीकडे आली. या कंपनीने कार्ट बनवलं नव्हतं, दुकानही चालवत नव्हती. आयत्या बिळावर नागोबा! २००५ मध्ये ॲमेझॉनने तिला चार कोटी डॉलर देऊन विषय मिटवला. (हो, तीच वन-क्लिकवाली ॲमेझॉन.) न्यूएग ही कंपनी मात्र लढली, आधी ज्यूरीसमोर हरली आणि जानेवारी २०१३ मध्ये अपिलात जिंकली: यात नवं काही नाही, पेटंट रद्द. दुकानातली ढकलगाडी अमेरिकेत १९३७ पासून आहे. ती पडद्यावर आणली म्हणून शोध होत नाही, हे ठरायला इतके खटले लागले. बाकीच्यांनी पैसे का दिले? लढण्यापेक्षा देऊन मोकळं होणं स्वस्त पडतं म्हणून. छोट्या साइटवाल्याला तर वकिलाची पहिली नोटीसच पुरते.

ब्रिटिश टेलिकॉमने तर हायपरलिंकवरच, म्हणजे दाबलं की दुसरं पान उघडणाऱ्या दुव्यावरच, हक्क सांगितला होता. प्रॉडिजी या इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीवर २००० मध्ये दावा केला, २००२ मध्ये हरले.

२०१४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 'ॲलिस' खटल्यात सांगितलं की अमूर्त कल्पना साध्या संगणकावर चालवली म्हणून ती पेटंटयोग्य होत नाही. त्यानंतर पेटंटांमधली बरीच खोगीरभरती बाद झाली. युरोपीय संसदेने सॉफ्टवेअर पेटंटचा प्रस्ताव २००५ मध्येच ६४८ विरुद्ध १४ मतांनी फेटाळला होता. भारताच्या कायद्यातही नुसता संगणक प्रोग्रॅम हा शोध मानत नाहीत. अर्थात त्या 'नुसता' शब्दावर वकिलांची घरं चालतात, तो भाग वेगळा.

माझा एक वकील मित्र यावर नेहमी म्हणतो, "दिसल्यावर सगळंच सोपं वाटतं. आधी सुचलं का कोणाला?" युक्तिवाद चांगला आहे, आणि 'सोपं आहे' एवढंच माझं म्हणणं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण माझा प्रश्न सोपं-अवघड हा नाहीच. मक्तेदारीचं आमिष नसतं तर ही गोष्ट झाली नसती का, हा आहे. ॲमेझॉनने ते बटण १९९७ मध्ये लावलं आणि पेटंट हातात पडलं १९९९ मध्ये. मधली दोन वर्षं बटण पेटंटशिवायच साइटवर होतं, आणि लोक ते दाबतच होते.