दिसला का?

डॉक्टरांनी मला सकाळी चालायला सांगितलं होतं, पक्षी बघायला नव्हे. पण आमच्या सोसायटीतल्या नानांनी जानेवारीतल्या एका रविवारी पावणेसातला मला गोदापार्कवर नेऊन उभं केलं आणि गळ्यात दुर्बीण अडकवली. नाशिकची थंडी. कानटोपीतून फक्त नाक बाहेर, तेही नाइलाजाने.

"तो बघा, खंड्या!" नाना कुजबुजले.

"कुठे?"

"उंबराच्या तिसऱ्या फांदीवर."

उंबर कोणता, इथपासून माझी तयारी. दुर्बीण ८ पटीची; म्हणजे हात थरथरला की तोही ८ पट. आधी धुकं दिसलं, मग समोरच्या काठावर धुणं आपटणाऱ्या बाई एकदम अंगावर आल्या. त्यांनी वर पाहिलं. मी घाईघाईने दुर्बीण आभाळाकडे वळवली. तोवर खंड्या निळी रेघ मारून पसार.

"दिसला का?"

"हो तर!" पाहुण्यांकडच्या खारट पोह्यांना 'छान झालेत' म्हणतात, त्या सुरात.

मग नशीब उघडलं. पाणवेलींत पांढराशुभ्र बगळा, मान आत घेऊन ध्यानस्थ! मी दाखवला म्हणून नानांनी वही काढली. दहा मिनिटं दोघंही श्वास रोखून. वारा आला आणि बगळ्याचे दोन्ही बंद वर झाले. किराणा दुकानातली पिशवी होती. इतका वेळ गप्प बसलेली टिटवी नेमकी तेव्हाच ओरडली.

"तुम्हाला नांदूरमध्यमेश्वरलाच न्यायला हवं," नाना म्हणाले. "जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं, महाराष्ट्रातलं पहिलं. हिवाळ्यात तिथे हजारोंनी पक्षी उतरतात. एखादा तुम्हालाही दिसेल."

मी मुकाट्याने पायरीवर बसलो आणि चहाचा थर्मास एका मातकट दगडाशेजारी टेकवला. दगड उडाला. हातभर अंतरावर पांढरेफेक पंख फाडकन उघडले नि काठाकाठाने निघून गेले. आमच्या गावाकडची ढोकरी. पुस्तकी नाव वंचक. बसला की चिखल, उडाला की चांदी. हे नाव ठेवणाऱ्याला माणसांचाही दांडगा अनुभव असणार.

नाना अजून पिशवीच न्याहाळत होते. "काय हो, काय उडालं?"

"वंचक. दिसला ना?"

नाना क्षणभर थांबले.

"हो तर!"