तिशीतला ‘फिश’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सुभेदारसाहेब, नमस्कार.

उत्तराला दहा दिवस लागले. पहिलं लिहिलेलं उत्तर चिडून लिहिलं होतं, ते पुसून टाकलं. मग तुमची प्रतिक्रिया पुन्हा वाचली आणि लक्षात आलं की तुम्ही चुकलात तिथे थोडे चुकलात, मी मात्र भलत्याच ठिकाणी चुकलो होतो.

नव्या वाचकांसाठी आधीचं थोडक्यात सांगतो. अमेरिकेतल्या काही विद्यापीठांच्या कॅडेट कोअरमध्ये, म्हणजे वर्दी घालून लष्करी शिस्तीत राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या दलात, सैन्यातून परत आलेले पंचविशी-तिशीचे विद्यार्थीही दाखल होतात, त्याचं मी मागच्या लेखात कौतुक केलं होतं. त्यावर सुभेदारसाहेबांनी लिहिलं: ‘ज्याच्या कानाजवळून खरी गोळी गेली आहे, त्याला एकोणीस वर्षांच्या पोरानं बुटाच्या पॉलिशवरून दरडावायचं, यात कौतुक कसलं? हा पोरखेळ आहे. नोकरी करून आलेल्यानं गप शिकावं, घर सांभाळावं. तुम्ही फौजेत नव्हता, म्हणून तुम्हाला वर्दीचं अप्रूप.’

शेवटचं वाक्य निमूट मान्य. मी फौजेत नव्हतो. तिकडच्या एका विद्यापीठात दोन वर्षं गणिताचा टीचिंग असिस्टंट होतो आणि माझ्या वर्गात असे विद्यार्थी बसायचे, एवढाच माझा संबंध.

आधी एक गैरसमज. तुम्ही हे सगळं आपल्या एनसीसीच्या मापानं मोजताय, असं मला वाटलं. आठवड्याची परेड, वर्षाचा कॅम्प, बाकी वेळ घरी, असं ते नाही. तिथले कॅडेट एकत्र राहतात, पहाटे एकत्र हजेरी देतात, एकत्र जेवतात. आणि ही परंपरा जुनी आहे: नॉर्विच विद्यापीठ १८१९ चं, व्हर्जिनिया मिलिटरी इन्स्टिट्यूट १८३९ ची, सिटाडेल हे लष्करी कॉलेज १८४२ चं. टेक्सास ए अँड एम १८७६ मध्ये सुरू झालं तेच कॅडेटांना घेऊन. १८६२ च्या मॉरिल कायद्यानं ज्या कॉलेजांना सरकारी जमिनी मिळाल्या, त्यांना शेतकी आणि यंत्रविद्येबरोबर लष्करी शिक्षणही देणं भाग होतं. शेतकी कॉलेजात कवायत कुठून आली, असं कोणी विचारलं तर त्याचं उत्तर या कायद्यात आहे.

आता, कोअर वेगळी आणि आरओटीसी वेगळी. आरओटीसी म्हणजे १९१६ च्या कायद्यानं सुरू झालेलं, सैन्यदलांनी चालवलेलं अधिकारी घडवण्याचं शिक्षण. टेक्सासच्या कोअरमध्ये राहूनही निम्म्याहून जास्त कॅडेट शेवटी सैन्यात जात नाहीत. हा फरक मी मागच्या लेखात गाळला होता आणि त्यामुळेच तुमचा प्रश्न एका दगडात दोन पक्षी मारायला गेला. सैन्यातून आलेल्यांमध्ये दोन जातींची माणसं असतात. एकाला शिपायाचा अधिकारी व्हायचं असतं. दुसऱ्याला सैन्य पुरे झालेलं असतं, पण सैन्यातली संगत सुटत नाही.

पहिल्याबद्दल तुमचा आक्षेप फारसा लागू होत नाही. अमेरिकी लष्कराची ‘ग्रीन टू गोल्ड’ नावाची योजना आहे. शिपाई, सार्जंट यांना कॉलेजात पाठवून अधिकारी करायची. मरीन कोअर या तिथल्या वेगळ्या सैन्यदलाचीही तशीच एक आहे, त्यात सेवेतला मरीन पूर्ण पगारावर विद्यापीठात शिकतो आणि तिथल्या नौदलाच्या आरओटीसी तुकडीत उभा राहतो. अशांना आरओटीसीची पहिली दोन वर्षं माफ होऊ शकतात. रायफल कशी धरायची हे त्यांना कोण शिकवणार? उलट पुढे कमिशन, म्हणजे अधिकारीपद, मिळाल्यावर, शिपाई म्हणून चार वर्षांहून जास्त सेवा झाली असेल तर त्यांचा पगारही वेगळ्या, वरच्या रकान्यातून निघतो. नव्याकोऱ्या लेफ्टनंटपेक्षा जास्त. म्हणजे अनुभवाची किंमत सरकार रोखीत मोजतं. वयाची अट मात्र जाचते: आरओटीसीची शिष्यवृत्ती हवी तर कमिशनच्या वर्षाअखेर ३१ पूर्ण झालेली नसावीत असा साधारण नियम आहे. सहा-आठ वर्षं नोकरी करून पदवीच्या पहिल्या वर्षाला बसणाऱ्याला हे गणित बोटांवर मोजावं लागतं.

आता तुमच्या मुख्य मुद्द्याकडे. एकोणीस वर्षांचं पोर दरडावतं, हा. माझं चिडून लिहिलेलं उत्तर असं होतं की साहेब, तुम्ही स्वतः तरी काय केलंत? पंधरा वर्षांची नोकरी झालेला सुभेदार बाविशीच्या लेफ्टनंटला सॅल्यूट ठोकतोच की. फार बिनतोड वाटलं होतं मला ते. दुसऱ्या दिवशी त्यातलं भोक दिसलं. त्या लेफ्टनंटच्या खांद्यावर कमिशन असतं. उद्या काही वेडंवाकडं झालं तर जबाब त्याला द्यावा लागतो. कोअरमधल्या दुसऱ्या वर्षाच्या पोराकडे काय असतं? एक वर्षाची ज्येष्ठता. टेक्सासमध्ये पहिल्या वर्षाच्या कॅडेटला ‘फिश’ म्हणतात, व्हर्जिनियात ‘रॅट’, सिटाडेलमध्ये ‘नॉब’. ही सगळी रचना अठरा वर्षांच्या मुलाला घरातून उपटून नव्या मातीत लावण्यासाठी बेतलेली. जो एकदा उपटला गेला, लावला गेला आणि वर वाळवंटातही उभा राहिला, त्याला पुन्हा तेच करणं निरर्थक आहे. इथे मी तुमच्या बाजूला आलो.

इतिहासही तुमच्याच बाजूचा. १९४४ च्या जी. आय. कायद्यानं सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारनं उचलला, त्यानंतर अमेरिकी कॉलेजांत माजी सैनिकांचा लोंढा आला. १९४७ साली प्रवेश घेतलेल्यांत जवळपास निम्मे तेच होते. तेव्हा कॉलेजांत नवख्यांनी डोक्यावर बारकीशी टोपी घालायची प्रथा होती. युद्धावरून आलेल्यांनी ती घालायला साफ नकार दिला, आणि त्यांचा कोणी केसही वाकडा करू शकलं नाही.

पण मग आज ते आपण होऊन का येतात? कारण आज सक्ती नाही. व्हर्जिनिया टेक या विद्यापीठानं १९६४ मध्ये आणि टेक्सास ए अँड एमनं १९६५ मध्ये कोअर ऐच्छिक केली. टेक्सासमध्ये हे करणारे अध्यक्ष होते जेम्स अर्ल रडर, दुसऱ्या महायुद्धात ६ जून १९४४ ला फ्रान्समधल्या नॉर्मंडीचा कडा चढून गेलेल्या रेंजर्स या निवडक सैनिकांचे कमांडर. कवायतीची सक्ती काढायला असा माणूस लागला, याची मला गंमत वाटते. आज त्याच कोअरमध्ये डेल्टा कंपनी ही माजी सैनिकांची स्वतंत्र तुकडी आहे. सिटाडेलनं दुसरी वाट काढली: माजी सैनिक दिवसा कॅडेटांच्याच वर्गात शिकतात, राहतात मात्र बराकीबाहेर. दोन्ही ठिकाणी त्यांना ‘नॉब’ किंवा ‘फिश’ म्हणून रगडायचा अट्टहास सोडलाय. म्हणजे तुमचा आक्षेप तिथल्या लोकांना तुमच्या आधीच कळला होता. माझ्या लेखात तो आला नाही, हा दोष माझा.

आता मी कुठे चुकलो ते.

माझ्या वर्गात एक सत्तावीस वर्षांचा विद्यार्थी होता, सैन्यात मेडिक, म्हणजे जखमींवर उपचार करणारा, म्हणून राहिलेला, कोअरमध्ये आलेला. त्याला ओरडण्याचं काही वाटायचं नाही. ‘ही पोरं ओरडतात तेव्हा मला त्यांची काळजी वाटते, घसा बसेल,’ असं म्हणायचा. पण सत्र संपताना त्यानं कोअर सोडली. कारण काय? संध्याकाळची हजेरी आणि मुलीचं पाळणाघर बंद व्हायची वेळ एकच होती. बस, एवढंच. त्याचा मान दुखावला नव्हता, वयही आडवं आलं नव्हतं. दोन जागी एका वेळी उभं राहता येईना.

मागच्या लेखात हा माणूस नव्हता. त्यात टिकलेलेच होते, कारण मला भेटत राहिले ते टिकलेलेच. तुमचा राग आहे अपमानावर, आणि माझा लेख होता अभिमानावर. दोघांचंही घड्याळाकडे लक्ष नव्हतं. कोअरचं वेळापत्रक अठरा वर्षांच्या मोकळ्या पोराला समोर ठेवून आखलेलं असतं. त्याला बायको नाही, पोर नाही, अर्धवेळ नोकरी नाही. माजी सैनिकाला यातलं बहुतेक काही असतंच. शिवाय २००९ पासून लागू झालेल्या नव्या जी. आय. लाभात शिक्षणाचे पैसे मिळतात ३६ महिने. नऊ-नऊ महिन्यांची चार वर्षं झाली की खातं संपतं. एखादा विषय राहिला आणि सत्र वाढलं तर त्याची फी स्वतःच्या खिशातून. अशा माणसाची पहाटेची हजेरी म्हणजे झोपेतून, अभ्यासातून किंवा पोराच्या वाटणीतून कापलेला तास असतो.

आणि एक गोष्ट, जी लिहिताना मला जरा लाज वाटतेय. मी लिहिलं होतं की हे अनुभवी लोक ‘लहान कॅडेटांना घडवतात’. घडवतात, खरंच. परीक्षेच्या आदल्या रात्री एखाद्या पोराचं घर आठवून रडू फुटलं, तर ते अशाच कोणा थोराडाकडे जातं. पण हे काम कुठल्या पगारावर, कुठल्या श्रेयांकावर? मी ते त्यांचा गुण म्हणून मांडलं आणि मोकळा झालो. तुमच्यासारख्या माणसाला हे वाचून चीड आली असेल, तर ती शब्दांत उतरली नसली तरी मला आता कळते.

एका ठिकाणी मात्र मी अजून हटलेलो नाही. ‘गप शिकावं, घर सांभाळावं’ हे मला पटत नाही. फौज सोडलेल्या माणसाला वर्गात एकटं बसणं किती जड जातं, ते मी मागच्या बाकावर रोज पाहिलंय. आजूबाजूला सगळी पोरं-पोरी, त्यांचे विनोद वेगळे, त्यांची भीती वेगळी. त्याला चार माणसं अशी मिळाली, ज्यांना शब्दानं काही सांगावं लागत नाही, तर त्यासाठी तो पहाटे पाचला रांगेत उभा राहायला तयार होतो. त्याला पोरखेळ म्हणू नका. वेळेची सोय करा म्हणा, रगडा बंद करा म्हणा. तिथे मी तुमच्याबरोबर सही करतो.

एक विचारायचं राहिलं. तुमच्या युनिटमध्ये नवा लेफ्टनंट आला की पहिल्या आठवड्यात तुम्ही त्याला काय शिकवायचात, आणि ते त्याला कमीपणा न वाटू देता कसं? खाली लिहा. पुढच्या लेखाला ते लागणार आहे, आणि ते मला कुठल्याही कॅडेटकडून मिळणार नाही.