‘हलवू नका’ एवढंच सांगायचे पंधरा हजार? – एका अभिप्रायाला उत्तर

नमस्कार.

एक तारा देऊन तुम्ही लिहिलंय, की इंग्लंडमधल्या जुन्या कंपनीचं पेन्शन तिथून काढून घ्यावं का, हे विचारायला तुम्ही आमच्या दादरच्या ऑफिसात आलात. आम्ही १५,००० रुपये अधिक जीएसटी घेतले आणि ‘हलवू नका’ सांगून मोकळे झालो. तिकडच्या सल्लागाराने वर ५,००० पौंडांचं कोटेशन दिलं, आणि एक एजंट हेच काम फुकट करून द्यायला तयार आहे. ‘सरळ लूट’ हे तुमचे शब्द. तुमचे कागद मी इथे उघडणार नाही. तुम्ही स्वतः जेवढं लिहिलंय तेवढ्यावरच बोलतो, कारण परदेशातून परतलेल्या बऱ्याच कुटुंबांपुढे हाच प्रश्न आहे.

आमची फी कागद वाचून, हिशेब मांडून मत देण्याची आहे. मत ‘हलवा’ असं आलं असतं तरी फी तेवढीच होती, आणि हे काम सुरू होण्याआधी सही झालेल्या करारात लिहिलेलं आहे. पैसे हलले तरच ज्याला कमाई होते, त्याच्या तोंडून ‘राहू द्या’ निघणं कठीण. आपल्याकडे सेबीनेही नोंदणीकृत सल्लागाराला ही मोकळीक ठेवलेली नाही: ज्या ग्राहकाकडून सल्ल्याची फी घ्यायची, त्याच्याच गुंतवणुकीवर कमिशन घेता येत नाही.

पैसे हलले तरच कमाई, या पद्धतीची किंमत ब्रिटनमध्ये कामगारांनी मोजली. २०१७ साली ब्रिटिश स्टीलच्या पेन्शन योजनेची फेररचना झाली, तेव्हा वेल्समधलं पोलादाचं गाव पोर्ट टॅलबोट आणि इतर ठिकाणच्या जवळपास ८,००० सभासदांनी जन्मभराचं पेन्शन सोडून एकरकमी रक्कम दुसरीकडे नेली. पेन्शन हललं तरच सल्लागाराला पैसे, अशी पद्धत तेव्हा सर्रास होती. पुढे तिथल्या नियामकाने, म्हणजे एफसीएने, सल्ले तपासले तर जवळजवळ निम्मे अयोग्य निघाले. १ ऑक्टोबर २०२० पासून अशी फी तिथे बंद झाली; गंभीर आजार किंवा मोठी आर्थिक अडचण एवढेच अपवाद उरले.

आता ते ५,००० पौंड. रक्कम मोठी आहे, ती खटकली यात नवल नाही. पण तुमच्यासारखं, पगार आणि नोकरीची वर्षं यांवर ठरणारं पेन्शन ३०,००० पौंडांहून जास्त मूल्याचं असेल, तर एफसीएची परवानगी असलेल्या सल्लागाराचा सल्ला घेतल्याशिवाय योजना पैसे सोडतच नाही. असा सल्ला घेतल्याचं पत्र मी मुंबईत बसून देऊ शकत नाही, आणि हे मी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. तो सल्लागार आपल्या मतासाठी पुढची कित्येक वर्षं जबाबदार राहतो. सल्ला चुकीचा ठरला तर भरपाई त्याने द्यायची. त्यासाठी त्याला महागडा विमा काढावा लागतो आणि तो खर्च फीमध्येच येतो. तरीही एकदम पूर्ण फी भरू नका. तिथे संक्षिप्त सल्ल्याची सोय आहे, बऱ्याच कमी पैशांत. त्यातून दोनच उत्तरं येऊ शकतात: ‘हलवू नका’, किंवा ‘पूर्ण तपासणीशिवाय सांगता येत नाही’. सगळे सल्लागार हे काम घेत नाहीत, म्हणून आधी विचारा.

मला खरी काळजी त्या फुकटवाल्या एजंटची आहे. तुमच्या खिशातून तो काही मागत नाही, मग त्याला देतं कोण? नव्या योजनेतून दरवर्षी कापल्या जाणाऱ्या शुल्कातून त्याचे पैसे निघतात. दोन लाख पौंडांवर नुसता एक टक्का धरला तरी वर्षाला २,००० पौंड, आणि तेही दरवर्षी. तो पैसे नेमके कुठल्या देशातल्या योजनेत नेणार आहे, हे त्याच्याकडून लेखी घ्या. तुम्ही भारतात राहता. माल्टा किंवा जिब्राल्टरसारख्या तिसऱ्या देशातल्या योजनेत रक्कम गेली, तर बहुतेक वेळा २५ टक्के कर आधीच कापला जातो. ब्रिटिश कर खात्याच्या मान्य योजनांबाहेर गेली, तर हा फटका ५५ टक्क्यांपर्यंत जातो.

‘कंपनी बुडाली तर?’ असंही तुम्ही विचारलंय. त्यासाठी तिथे पेन्शन प्रोटेक्शन फंड आहे. योजनेचं ठरलेलं निवृत्तीवय उलटलेल्यांना साधारणपणे पूर्ण आणि त्याआधीच्यांना ९० टक्के पेन्शनचं संरक्षण तो देतो. पुढची वाढ मात्र मूळ योजनेपेक्षा कमी असू शकते.

आपल्या सरकारी बँकांत १९९० च्या दशकात पेन्शनचा पर्याय आला, तेव्हा अनेकांनी पीएफच बरा म्हटलं. त्यांना २०१० मध्ये दुसरी संधी मिळाली, आणि निवृत्त झालेल्यांनी घेतलेले पैसे परत भरून पेन्शन घेतलं. दादर-पार्ल्यात अशी घरं भरपूर आहेत. तुमच्या बाबतीत ही दुसरी संधी नाही. एकदा बाहेर पडलेल्याला ती योजना परत घेत नाही.

योजनेने कळवलेली ट्रान्सफरची रक्कम साधारण तीन महिनेच पक्की असते. पत्रावरची तारीख पाहून घ्या, पण मुदत संपत आली म्हणून घाईत सही करू नका. वर्षातून एकदा नवी रक्कम योजनेकडून विनाशुल्क मागवता येते. कोटेशन देणाऱ्या सल्लागाराचं नाव एफसीएच्या रजिस्टरमध्ये तपासा, आणि पेन्शन ट्रान्सफरची परवानगी त्याच्याकडे आहे ना, तेही बघा. त्या एजंटचे कागद घेऊन ऑफिसात या. तुमच्या फाइलचंच काम आहे, त्याची वेगळी फी लागणार नाही.