गोचीड तापाची लस म्हणजे कॅन्सर टोचणं? काहीही!

दूधवाल्यांच्या ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय, गोचीड तापाची म्हणजे थायलेरियाची लस म्हणजे लॅबमधल्या कॅन्सरच्या पेशी, त्यात जिवंत जंतू, तो गोचिडांतून गोठाभर पसरतो, दुधातून माणसाला होतो, आणि इंजेक्शन असताना लस कशाला.

आधी कॅन्सरचं घेऊ, कारण त्यात अर्धं खरंय. थायलेरिया ॲन्युलाटा, म्हणजे गोचीड तापाचा परजीवी, गायीच्या पांढऱ्या पेशीत घुसतो आणि तिला वाढत ठेवतो, पेशीचे दोन भाग झाले की हाही दोन्हीकडे वाटला जातो, म्हणून तर तो लॅबमध्ये कल्चरमध्ये, म्हणजे शरीराबाहेर वाढवलेल्या पेशींत, सलग वाढवता येतो, त्झूर नावाच्या शास्त्रज्ञाने 1945 सालीच हे दाखवलेलं. पण कल्चरमध्ये ब्युपार्वाकोन, म्हणजे या तापावरचं औषध, टाकून परजीवी मारला की पेशींची वाढ बंद! कॅन्सर असा ऐकतो का कुठे? शिवाय लस म्हणजे कल्चरमधल्या अशाच परजीवी असलेल्या पेशी, पण त्या दुसऱ्या जनावराच्या, तुमच्या गायीचं शरीर त्यांना परकं समजून मारतं, तोवर परजीवी तिच्या स्वतःच्या थोड्या पेशींत गेलेला असतो आणि त्यावरच प्रतिकारशक्ती तयार होते. आफ्रिकेतल्या थायलेरिया पार्वा या याच्या भाऊबंद परजीवीचं मात्र असं जमलं नाही, तो कल्चरच्या पेशीतून नव्या गायीच्या पेशीत सहज जात नाही, म्हणून तिकडे गोचिडांतून काढलेला जिवंत, जोरातला परजीवीच टोचतात आणि सोबत टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक देतात. त्यापुढे आपली लस साधीच म्हणायची.

जिवंत आहे, हो. पण कल्चरमध्ये पिढ्यान् पिढ्या वाढवून त्याचा जोर गेलेला असतो, आणि लाल पेशीत उतरायची अवस्थाही जवळपास हरवलेली असते. गोचिडाला लागण होते ती लाल पेशीतल्या परजीवीमुळेच, मग गोठाभर पसरणार कसा?

दुधाचं तर सोडाच, हा माणसाला होतच नाही.

ब्युपार्वाकोन चांगलं औषध आहे पण ते वेळेत पडलं तर. संकरित एचएफ, जर्सीच्या गाठी सुजून ताप चढतो, रक्त झपाट्याने कमी होतं, आणि उशीर झाला की इंजेक्शन देऊनही जनावर हातचं जातं.

खरी अडचण मेसेजात नाहीच. ही लस लिक्विड नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते, साध्या फ्रीजमध्ये त्या पेशी मरतात, म्हणून लसीचा नायट्रोजनचा कॅन कुठून येतो ते डॉक्टरांना विचारा, गाय गाभण असेल तर तेही आधी सांगा, आणि लसीच्या आगेमागे ब्युपार्वाकोन दिलं असेल तर लसीतला परजीवीच मरतो, म्हणजे टोचली काय न टोचली काय.