जुनी लक्झरी सेदान आणि ‘बॉनेट उघडू नका’चा धाक

जुन्या लक्झरी सेदान गाड्यांबद्दल एक मजकूर गेली कित्येक वर्षं हातोहात पुढे सरकतो आहे. त्याचा गोषवारा असा: या गाड्यांत सगळं इलेक्ट्रॉनिक असतं, कंपनीच्या मशीनशिवाय दोष कळत नाही, पार्ट मिळत नाहीत, गिअरबॉक्सचं तेल आयुष्यभराचं असतं, ते बदललं की गिअरबॉक्स जातो, आणि घरी असलं काम करणं म्हणजे जिवाशी खेळ. तेव्हा स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका, घेतलीच तर स्वतः बॉनेट उघडू नका.

यातला ‘जिवाशी खेळ’ हा मुद्दा मला मान्य आहे, पण ज्या कारणासाठी तो मांडलाय त्यासाठी नाही. त्याकडे नंतर येतो.

‘सगळं इलेक्ट्रॉनिक असतं.’ कुठल्या सालची गाडी, हे आधी सांगा. १९७९ ते १९९१ या काळात बनलेल्या मर्सिडीज डब्ल्यू१२६ (हा त्या पिढीच्या एस-क्लासचा कंपनीतला क्रमांक) च्या बऱ्याच इंजिनांत बॉशची के किंवा केई-जेट्रॉनिक ही इंधन सोडणारी यंत्रणा आहे. पेट्रोल किती सोडायचं हे तिथे आत येणाऱ्या हवेच्या झोताने हलणारी एक चकती ठरवते. केई प्रकारात त्यावर इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आलं, तरी पाया यांत्रिकच राहिला. दोष शोधायला इथे लागतो इंधनाचा दाब मोजणारा गेज. मर्सिडीजच्याच डब्ल्यू१२४ चं सेंट्रल लॉकिंग तर हवेवर चालतं. एखादं दार लॉक होईनासं झालं की बहुतेक वेळा आतला रबरी पडदा फाटलेला असतो. हवा खेचणारा, काट्याचा गेज असलेला हातपंप एकेका नळीला लावायचा. ज्या नळीवर काटा टिकत नाही, तिथे गळती. यात कॉम्प्युटर कुठे आला?

बरं, नंतरच्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक्स वाढलं, हे खरं. पण १९८९ मध्ये आलेल्या लेक्सस एलएस ४०० मध्येसुद्धा डायग्नोस्टिक सॉकेटातल्या टीई१ आणि ई१ या दोन पिना वायरीच्या तुकड्याने जोडल्या की इंजिनाचा दिवा मिचकावून दोषाचा कोड सांगतो. अमेरिकेत १९९६ पासून ओबीडी-२, म्हणजे दोषाचे कोड वाचण्याची सगळ्या कंपन्यांसाठी एकच पद्धत, सक्तीची झाली, युरोपात नव्या पेट्रोल गाड्यांना तसाच नियम २००१ मध्ये लागू झाला. त्यापुढच्या गाड्यांच्या इंजिनाचे कोड कुठलाही साधा रीडर वाचतो. एबीएस, एअरबॅग, सस्पेन्शन यांना त्या त्या ब्रँडचा रीडर लागतो, एवढी सूट मजकुराला देऊ.

पण खरी गोम वेगळीच आहे. कोड दोष सांगत नाही, दोषाचा पत्ता सांगतो, आणि तोही अनेकदा शेजारच्याचा. १९९० च्या दशकाच्या पहिल्या अर्ध्या भागातल्या अनेक मर्सिडीज इंजिनांच्या वायरिंगचं इन्सुलेशन उष्णतेने आणि वयाने भुगा होऊन गळतं. कोड येतो थ्रॉटलचा (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेचा) नाहीतर एखाद्या सेन्सरचा. मशीनवर विसंबलेला माणूस सेन्सर बदलत बसतो. कनेक्टरजवळचं बाहेरचं आवरण जरा मागे सरकवून पाहिलं तर उघडी तांब्याची तार डोळ्यांना दिसते.

बीएमडब्ल्यू ई३८ (१९९० च्या दशकातली सेव्हन सिरीज) ची बॅटरी रात्रीत उतरली की ‘कुठलं तरी मॉड्यूल (इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची पेटी) गेलं’ असं सांगितलं जातं. ही गाडी बंद केल्यावर झोपी जायला, म्हणजे तिची इलेक्ट्रॉनिक्स शांत व्हायला, सुमारे १६ मिनिटं घेते. बॅटरी डिकीत असल्यामुळे बॅटरीतून किती करंट जातोय ते डिकी उघडी ठेवूनच मोजावं लागतं, आणि डिकी उघडी आहे असं वाटलं की गाडी जागीच राहते. म्हणून आधी डिकीच्या कुलपाची जीभ स्क्रूड्रायव्हरने फिरवून ‘बंद’ स्थितीत आणायची, गाडी झोपू द्यायची आणि मग मल्टिमीटर पाहायचा. आकडा ५० मिलिअँपिअरच्या वर अडून राहिला तर एकेका फ्यूजवर व्होल्टेज किती पडतंय ते तपासत जायचं. मध्येच कुणी कौतुकाने दार उघडलं की पुन्हा पहिल्यापासून!

या गाड्यांचा शत्रू गुंतागुंत नाही, वय आहे. रबर कडक होतं, प्लॅस्टिक ठिसूळ होतं, सनरूफच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तुंबतात आणि ते पाणी गालिच्याखाली मॉड्यूलपर्यंत पोहोचतं. ई३८ चा कूलंटचा डबा आणि रेडिएटरची प्लॅस्टिकची तोंडं फुटण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही; होज, थर्मोस्टॅट, वॉटर पंप असं सगळं एकदम बदलावं. हे काम पाने, संयम आणि रिकामा रविवार असलेल्याला जमतं.

‘पार्ट मिळत नाहीत.’ कुठले? बुश, बॉल जॉइंट, ब्रेक, सेन्सर बनवणाऱ्या बॉश, लेमफर्डर, झाक्स यांच्यासारख्या कंपन्या कारखान्यालाही माल देत होत्या. मर्सिडीजचं जुन्या गाड्यांसाठीचं क्लासिक सेंटर तर जर्मनीत फेलबाखला १९९३ पासून आहे. खरोखर अडतं ते आतल्या सजावटीपाशी: लाकडी पट्ट्या, त्या नेमक्या रंगाचं लेदर, दाराच्या कडेची क्रोम पट्टी. म्हणून इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी आत बसून प्रत्येक पट्टी न्याहाळावी. थकलेलं इंजिन आणि धडधाकट केबिन हा सौदा मला उलट्यापेक्षा कधीही बरा वाटतो.

‘आयुष्यभराचं तेल.’ कोणाच्या आयुष्यभराचं? गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला ऑटोमॅटिकचं तेल बदलायला सांगते. ‘तेल बदललं आणि गिअरबॉक्स गेला’ या कथांत गिअरबॉक्स बहुधा आधीच घसरायला लागलेला असतो, किंवा तेलाची पातळी चुकलेली असते. ई३८ ला डिपस्टिक नाही. गाडी समपातळीत, इंजिन चालू, तेल ३० ते ५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान, आणि भरायच्या भोकातून ते जेमतेम बाहेर येऊ लागलं की पुरे.

‘जिवाशी खेळ.’ आहेच. पण मजकूर बॉनेटची भीती घालतो आणि धोका खाली असतो. डब्ल्यू१२४ ची पुढची स्प्रिंग शॉकपासून वेगळी, सस्पेन्शनच्या खालच्या आर्मच्या खोबणीत दाबून बसवलेली असते. तिला आतून पकडून दाबून धरणारा योग्य स्प्रिंग कॉम्प्रेसर नसेल तर त्या कामाला हात लावू नये. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीच जाऊ नये; १९९८ नंतरच्या मर्सिडीज डब्ल्यू२२० सारख्या एअर सस्पेन्शनच्या गाडीत तर टायर आणि मडगार्डच्या मधे हात असताना बॉडी खाली बसू शकते. एअरबॅगच्या वायरीला मल्टिमीटर लावायचा नाही. एसीचा गॅस हवेत सोडणं अनेक देशांत गुन्हा आहे, तो मशीनने काढून घ्यावा लागतो.

जुन्या जग्वार एक्सजेच्या बाबतीत मी मजकुराच्या बाजूने आणखी एक पाऊल जाईन. १९६८ च्या पहिल्या मॉडेलपासून सिरीज थ्रीपर्यंत मागच्या ब्रेकच्या डिस्क चाकांपाशी नसून डिफरन्शियलला (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीला) चिकटून आहेत. तिथलं ऑइल सील गळलं की तेल थेट ब्रेकवर. हे नीट करायचं तर मागचा अख्खा सांगाडा खाली उतरवावा लागतो. लिफ्ट नसेल, हाताशी दुसरा माणूस नसेल, तर ते काम गॅरेजला द्यावं. दारांखालच्या गंजलेल्या पत्र्याच्या पट्टीचं वेल्डिंगही तसंच.