ओठांना लिंबू नको, आणि बाळाच्या ओठांना मध तर नाहीच

काल रात्री साडेदहाला धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, तो घरगुती लिप बामचा मेसेज फिरतोय ना, तो केलाय मी. बाळाला लावला तर चालेल का? ओठ फुटलेत गं त्याचे." बाळ सात महिन्यांचं आहे आणि त्या बाममध्ये मध आहे. "अजिबात लावू नकोस" असं बजावून फोन ठेवला, पण नंतर झोप लागेना. तीन आठवड्यांपूर्वी याच मेसेजपायी मोठ्या बहिणीच्या मुलीला त्वचारोगतज्ज्ञाकडे न्यावं लागलं होतं. तेव्हा मी गप्प बसले, ती चूकच झाली.

मेसेज बहुतेकांनी पाहिला असेल. ‘बाजारातले लिप बाम म्हणजे विष! 7 दिवसांत गुलाबी ओठ, 100 टक्के नैसर्गिक.’ कृती अशी: खोबरेल तेल, मधमाशीचं मेण, मध, लिंबाचा रस आणि किसलेली साल, दालचिनीची पूड, पेपरमिंट तेलाचे थेंब, रंगाला बिटाचा रस. सगळं गरम करा, ढवळा, डबीत भरा. खाली दावे: लिंबाने काळे ओठ गुलाबी होतात, चुरचुरलं म्हणजे काम करतंय, नैसर्गिक असल्याने बाळालाही चालतं, व्हिटॅमिन ई ची गोळी फोडून घातली की वर्षभर टिकतं, खोबरेल तेलामुळे उन्हापासून संरक्षण मिळतं, आणि विकतच्या बाममधलं पेट्रोलियम कर्करोग देतं.

मी स्वतः कित्येक वर्षं घरी बाम करते, वाटते, लावते. घरगुती म्हणून माझं काही वाकडं नाही. उलट घरी करण्याजोगी इतकी सोपी वस्तू अशी नासवलेली पाहून जास्त राग येतो.

आधी लिंबू, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्याने केलंय.

ओठाची त्वचा गालाच्या त्वचेसारखी नसते. तिचा वरचा थर फार पातळ असतो, तिला घामाच्या ग्रंथी नसतात, तेलाच्या ग्रंथीही जवळजवळ नसतात. म्हणजे स्वतःचं संरक्षण करायला तिच्याकडे फारसं काही नाहीच. लिंबाच्या रसाचा पीएच 2 ते 2.5 च्या आसपास असतो. फुटलेल्या ओठावर तो लावणं म्हणजे उघड्या जखमेवर आम्ल चोळणं. त्यातून ओठ गुलाबी दिसले, तर तो दाह असतो. तिथे रक्त धावून आलेलं असतं. आणि आपल्यासारख्या गव्हाळ, सावळ्या कातडीवर दाह ओसरला की मागे उरतो तो काळसर डाग. ज्या कारणासाठी लिंबू लावलं, त्याच्या नेमकं उलट.

पण खरा धोका सालीत आहे. लिंबाच्या सालीतल्या तेलात फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागलं, तर उन्हातल्या यूव्हीए या अतिनील किरणांशी त्यांची प्रतिक्रिया होते आणि त्वचा अक्षरशः भाजते. याला फायटोफोटोडर्माटायटिस म्हणतात. ही ॲलर्जी नव्हे. पुरेसं तेल आणि पुरेसं ऊन असेल तर कुणालाही होऊ शकतं. फसवणारी गोष्ट अशी, की ते लगेच दिसत नाही. साधारण 24 तासांनी लाली येते, फोड येतात, दोन-तीन दिवसांत ते सगळ्यात वाईट होतात. तोवर लिंबू लावल्याचं कुणाच्या लक्षातही राहत नाही.

माझ्या भाचीचं तसंच झालं. सकाळी बाम लावून ती दिवसभर मैदानावर होती. त्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओठांभोवती भगभग सुरू झाली. तिसऱ्या दिवशी वरच्या ओठाच्या कडेवर बारीक फोडांची रांग, आणि डाव्या कोपऱ्यातून हनुवटीकडे उतरलेला एक लाल ओघळ. बाम वितळून जिथवर उतरला होता, बरोबर तिथवर. डॉक्टरांनी तो ओघळ पाहिला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "लिंबू लावलं होतं का?" फोड आठवड्यात सुकले. ओघळाच्या जागी आता तपकिरी रेघ आहे, आणि असे डाग जायला काही आठवडे ते काही महिने लागतात.

सुगंधी द्रव्यांच्या उद्योगाची इफ्रा नावाची आंतरराष्ट्रीय संघटना आहे. सुगंध विकणं हाच ज्यांचा धंदा, त्यांनीसुद्धा उन्हात येणाऱ्या त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनांसाठी कागदी लिंबाच्या सालीतून दाबून काढलेल्या तेलाची मर्यादा 0.7 टक्के ठेवली आहे. मेसेजवाला सांगतो, ‘साल किसून घाला, जितकी जास्त तितकी चांगली.’

आणि मुळात काळे ओठ म्हणजे काय? ओठांचा रंग ठरतो त्वचेतल्या मेलॅनिनवर आणि खालून दिसणाऱ्या रक्तावर. तपकिरी ओठ म्हणजे साचलेला मळ नव्हे, की तो घासून काढावा. अठरा वर्षांच्या मुलीला तिच्या ओठांचा रंग हा दोष आहे असं शिकवणारा मेसेज मला लिंबाइतकाच झोंबतो.

यापुढचा दावा, ‘चुरचुरलं म्हणजे काम करतंय.’ यावर अमेरिकन ॲकॅडमी ऑफ डर्मॅटॉलॉजीचा सल्ला वाचण्यासारखा आहे. फुटलेल्या ओठांसाठी त्यांनी सांगितलंय, की आग होणं, चुरचुरणं, झिणझिणणं याला लोक ‘औषध लागू पडतंय’ असं समजतात, पण ती चिडचिड असते, ते उत्पादन ताबडतोब थांबवा. आणि सुक्या, फुटलेल्या ओठांना विशेष त्रास देणारे स्वाद कोणते? दालचिनी, लिंबूवर्गीय फळं, पुदिना आणि पेपरमिंट. आपल्या मेसेजच्या कृतीत यातले तीन आहेत! बाममध्ये जे टाळायचं त्याचीच यादी काढून कुणी कृती लिहिली असावी, इतकं ते जुळतं. दालचिनीतलं सिनामाल्डिहाइड हे ॲलर्जी आणणाऱ्या द्रव्यांमध्ये ठळक आहे. युरोपात त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनात ते 0.001 टक्क्यापेक्षा जास्त असलं, तर वेष्टनावर नाव छापावं लागतं. पेपरमिंटचा गारवाही फसवा. मेंथॉल त्वचेतल्या थंडी ओळखणाऱ्या संवेदकाला चेतवतं. ओठ गार होत नाही आणि त्याला ओलावाही मिळत नाही, मेंदूला मात्र तसं वाटतं.

आता बाळ. इथे मी आवाज चढवूनच बोलणार.

एक वर्षाखालच्या बाळाला मध द्यायचा नाही. चाटवायचा नाही, बोटाला लावून नाही, ओठाला लावून नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते सहसा रुजत नाहीत, तान्ह्या बाळाच्या आतड्यात रुजतात आणि विष तयार करतात. त्या आजाराची सुरुवात बद्धकोष्ठतेने होते, मग रडण्याचा आवाज क्षीण होतो, दूध ओढता येत नाही, मान लुळी पडते, पुढे श्वासाचे स्नायूही थकतात. 2018 मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये चार बाळांना हा आजार झाला. चौघांनीही मध भरलेली चोखणी वापरली होती. त्यानंतर तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाने जाहीर इशारा दिला. ओठाला लावलेला बाम बाळ चाटतंच, त्यासाठी वेगळी चोखणी लागत नाही.

बहिणीने विचारलं, "पण मी तो गरम केलाय ना?" या बीजाणूंना मारायला प्रेशरखाली 121 अंश सेल्सिअस लागतात. गरम पाण्यावर ठेवलेल्या वाटीत ते मरत नाहीत. मध शुद्ध असो, महाग असो, स्वतःच्या पोळ्यातला असो, काही फरक पडत नाही. आणि पेपरमिंट तेलही तान्ह्या बाळाच्या नाकातोंडाजवळ आणू नये, मेंथॉलने श्वास अडखळू शकतो.

तिला मी काय लावायला सांगितलं? साधी, बिनवासाची पेट्रोलियम जेली, बोटाने पातळ थर देऊन. आणि दोन दिवसांत फरक नाही पडला तर बाळाच्या डॉक्टरांना दाखव म्हटलं. आता मेसेजनुसार हेच विष.

इथे एक अर्धसत्य आहे आणि ते मान्य करणं भाग आहे. ही जेली कच्च्या खनिज तेलापासूनच काढतात. कच्च्या किंवा अर्धवट शुद्ध केलेल्या खनिज तेलांत कर्करोगकारक घटक असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अशा तेलांना पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करणाऱ्यांत, टाकलंय. मेसेज इथेच थांबतो. त्याच संस्थेने पूर्ण शुद्ध केलेल्या तेलांना तिसऱ्या गटात ठेवलंय, म्हणजे कर्करोगकारक ठरवण्याइतका पुरावा नाही. युरोपात तर पेट्रोलॅटम, म्हणजे हीच जेली, कशापासून, कसं शुद्ध केलं याचा पूर्ण इतिहास असल्याशिवाय ते प्रसाधनात वापरता येत नाही. तेव्हा सुटी, बिननावाची जेली घेऊ नका, हे मलाही पटतं. पण औषधी दर्जाच्या जेलीला विष म्हणणं खोटं आहे. रॉबर्ट चेसब्रो यांनी 1872 मध्ये व्हॅसलीनचं पेटंट घेतलं, तेव्हापासून फुटलेल्या त्वचेवर ती वापरली जाते, कारण आतलं पाणी उडू न देण्यात तिचा हात धरणारं फार थोडं आहे.

‘वर्षभर टिकतं.’ भाचीची डबी मी घरी आणली होती. झाकण उघडलं तर वर पिवळसर मेण, आणि तळाशी बिटाच्या रसाचे गडद थेंब वेगळे साचलेले. बिटाचा रंग पाण्यात विरघळतो, तेलात नाही, म्हणून कितीही ढवळा, तो खाली बसतो. मधाचंही तेच, तेलाशी तो एकजीव होत नाही. त्या थेंबांच्या कडेला पांढुरकी लव धरली होती. पाणी आलं की बुरशी आणि जिवाणू आले, आणि आपण त्यात रोज बोट घालतो. व्हिटॅमिन ई मुळे तेल खवट होण्याचा वेग कमी होतो, जंतू रोखले जात नाहीत. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नैसर्गिक रंग हवाच असेल तर रतनजोत (अल्कानेटची लाल मुळी, जट्रोफा नव्हे) घ्या, तिचा रंग तेलात उतरतो.

‘खोबरेल तेलात एसपीएफ 8 असतं.’ एसपीएफ म्हणजे उन्हापासून मिळणाऱ्या संरक्षणाचं माप. हा आकडा हवेतून आलेला नाही, एवढं म्हणते. 2010 मध्ये ‘फार्माकॉग्नॉसी रिसर्च’मध्ये आलेल्या एका अभ्यासात खोबरेल आणि ऑलिव्ह तेलाचा एसपीएफ सात-आठच्या घरात दाखवलाय. पण तो कसा काढला? तेल अल्कोहोलमध्ये मिसळून यंत्रात ठेवलं आणि 290 ते 320 नॅनोमीटरचा प्रकाश किती शोषला जातो ते मोजून गणित केलं. माणसाच्या त्वचेवर तेल लावलंच नव्हतं. 320 च्या पुढचे यूव्हीए किरण मोजलेच नव्हते, आणि लिंबाबरोबर भाजतात ते तेच किरण. सनस्क्रीनवर छापलेला आकडा माणसांच्या त्वचेवर, दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम थर देऊन काढतात. खालच्या ओठावर ऊन थेट पडतं, तिथे वर्षानुवर्षांच्या उन्हाने होणारी इजा पुढे कर्करोगाकडेही जाऊ शकते. दिवसभर बाहेर असाल तर तेवढ्यापुरता एसपीएफ 30 चा विकतचा बाम घ्या. झिंक ऑक्साइडची पूड आणून घरी कालवू नका, ती सारखी पसरत नाही.

‘बायका आयुष्यात किलोकिलोने लिप बाम गिळतात.’ 4 ग्रॅमची कांडी दोन महिन्यांत संपली, तर वर्षाला 24 ग्रॅम. 50 वर्षं सगळीच्या सगळी गिळली तरी 1.2 किलो, आणि घरचा बाम काय कमी गिळला जातो? ‘विकतच्या बामची सवय लागते’ यात थोडं तथ्य आहे. मेंथॉल, कापूर असलेल्या बामने ओठ चिडतात, कोरडे वाटतात, मग आपण पुन्हा लावतो. म्हणून मेसेजने पेपरमिंट घालायला सांगितलं!

घरी करायचाच असेल तर असा करा. 20 ग्रॅम मधमाशीचं मेण, 30 ग्रॅम शिया बटर, 50 ग्रॅम बदामाचं किंवा एरंडेल तेल. वजन करून घ्या, चमच्याने मापू नका. भांडं, चमचा, डब्या खडखडीत कोरड्या हव्यात. गरम पाण्यावर वाटी ठेवून आधी मेण वितळवा, ते 62 ते 64 अंशांना वितळतं. मग तेल, शेवटी शिया बटर. गार चमच्यावर थेंब टाकून बघा: बोटाला खरखरीत लागलं तर तेल वाढवा, पसरलं तर मेण. लगेच फ्रिजमध्ये गार करा, सावकाश थंड झालं तर शिया बटरचे रवे धरतात. वास नको, रंग नको, मध नको, रस नको. खवट वास आला की टाकून द्या. आणि दोन-तीन आठवड्यांत ओठ सुधारले नाहीत, तर नवी कृती शोधत बसू नका, त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.

मेसेजप्रमाणे डबी आधीच भरून ठेवली असेल, तर वरचा थर काढून खालचा वापरू नका, आणि टाचांनाही लावू नका, सालीचं तेल त्यातही आहे. सगळं कागदावर काढून कचऱ्यात टाका, डबी साबणाने धुवा, आणि पुन्हा भरण्याआधी रात्रभर पालथी ठेवून पूर्ण सुकू द्या.